हरकत हाय!

जुन्नरकडच्या एका कॉलेजचे खेळशिक्षक कबड्डीच्या मैदानावर दिसले, की आम्ही महाळुंग्याच्या कॉलेजवाले आमच्या पोरींचे दाखले पुन्हा चाळायला लागायचो. टॉसच्या आधीच त्यांचा हात वर जायचा. "हरकत हाय, राव! ही पोर गेल्या साली दुसऱ्या कॉलेजात व्हती. कॉलेज बदललं की एक वर्ष बसायचं!" आमची एक चांगली खेळाडू त्यांनी अशीच बाहेर बसवली, आणि नंतर तिलाच भेळ खाऊ घातली.

पुढच्या वर्षी त्यांचीच सर्वांत चपळ चढाईपटू लग्न होऊन महाळुंग्याला आली आणि आमच्या कॉलेजात दाखल झाली. पहिलाच सामना त्यांच्याशी. हिरव्या बांगड्या सासूच्या ओंजळीत देऊन ती मैदानात उतरली. पंचांनी सरांकडे पाहिलं. मी डोळेच मिटून घेतले.

सर म्हणाले, "पोर नांदायला गेलीय, भाऊ. कॉलेज बदलायला न्हाई. हरकत न्हाई."

पहिल्याच चढाईत तिनं त्यांच्या तिघी बाद केल्या. सर्वांत आधी टाळी वाजवली ती सरांनीच. आणि लगेच आपल्या पोरींवर खेकसले, "अगं, धरा की तिला! माहेरवाशीण म्हणून सोडताय व्हय?"