जिनामागच्या गल्लीतल्या मोराच्या कपबश्या

माणूस गेलं की त्याचे किस्सेही जातील असं वाटतं. ते जात नाहीत. घरातच राहतात आणि साठत जातात. कुसुमला जाऊन वर्ष झालं. ती माहेरच्या गल्लीचे किस्से सांगायची तेव्हा माझ्या हातात पेपर असायचा. आता पेपर घडीतच पडलेला असतो आणि किस्से एकामागून एक येऊन बसतात.

यवतमाळला एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीमागे ही गल्ली. छप्पन सालाच्या आसपास तिथे कारकून, ड्रायव्हर, मास्तर, कंपाउंडर अशांनी घरं बांधली. नगरपालिकेने 'नवी वस्ती' अशी पाटी लावली. पहिल्याच पावसाळ्यात पाटी काळ्या मातीत कलली. ती सरळ करायला गेलेला शिपाई चपला तिथेच सोडून आला. पाटी मग तशीच राहिली आणि गल्लीचं नाव पडलं 'जिनामागं'.

*

सगळंच चांगलं असं एकाही घरात नव्हतं, पण प्रत्येकाकडे एखादी वस्तू दाखवण्याजोगी होती. रामधन ड्रायव्हरकडे साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातली हातांची खुर्ची. तात्याजींकडे, म्हणजे कुसुमच्या वडिलांकडे, भिंतीवरचं घड्याळ. सखाराम गुरुजींकडे मोर काढलेल्या कपबश्या आणि इंग्रजी. कुणाच्याही मुलीला बघायला पाहुणे येणार असले की हे सगळं त्या घरात जमा व्हायचं. गुरुजी स्वतः येऊन हवेबद्दल दोन वाक्यं इंग्रजीत बोलत. पाहुण्यांना वाटे, घर सुशिक्षित आहे.

एकदा कंपाउंडरकडे आणि रामधनकडे एकाच दिवशी पाहुणे आले. खुर्ची कंपाउंडरकडे गेलेली. रामधनकडच्या पाहुण्यांनी बाजेवर टेकत विचारलं, घरात खुर्ची नाही का? रामधनची बायको सोनीबाई बंजारा तांड्यातली, जिभेला धार. ती म्हणाली, "हाय न जी. पन ते बी पोरगी पाहाले गेली हाय."

*

घड्याळाची खोड अशी, की ते तात्याजींच्या भिंतीवरच चालायचं. गुरुजींच्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा ते तिथे नेऊन टांगलं आणि चारवर थांबलं. पाहुण्यांची गावाकडची, बोरी अरबची मोटार साडेपाचची. ते अधूनमधून घड्याळाकडे बघत आणि पुन्हा निवांत गप्पा मारत. मोटार गेली. त्यांना जेवू घातलं, मुक्कामाला ठेवून घेतलं. इतकी अगत्याची माणसं पाहिली नाहीत, असं म्हणून त्यांनी सकाळी होकार दिला.

पुढे त्या लग्नाचा विषय निघाला की तात्याजी म्हणत, "घड्याळ माहं होतं."

*

घड्याळ गुरुजींच्या घरी जाई, तात्याजी जात नसत. गुरुजी छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून बौद्ध होऊन आले होते. कपबश्या त्याच फेरीत आणलेल्या. तात्याजींच्या मनातली शिवाशिव मात्र होती तिथेच होती. बोलायला गोड, पण गुरुजींच्या घरचा चहा नको. आपल्या घरी पाहुणे आले तरी त्या कपांत फक्त पाहुण्यांनी प्यायचं. नाही म्हणायची त्यांची रीत ठरलेली होती. "आत्ताच झाला."

गुरुजींना हे कळत होतं. म्हणून तर ते रोज विचारत.

एकदा तात्याजी ढाणकीहून पहाटेच्या सरकारी मोटारीने उतरले आणि पिशवी घेऊन गल्लीत शिरले. गुरुजी ओट्यावर दात घासत होते. म्हणाले, या, चहा घेऊ.

"आत्ताच झाला."

"कुठं जी?"

"मोटारीत."

गुरुजींनी गंभीरपणे मान डोलावली. "सरकार लय सुधारलं म्हनायचं."

सोनीबाईने तर सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी तात्याजी गुरुजींच्या कपात चहा पितील त्या दिवशी मी साखर वाटीन.

*

आता शेवटचा. हा मला कुणी सांगितलेला नाही, मी तिथे बसलो होतो. एकसष्ट-बासष्ट साल. कुसुमला दोन ठिकाणांहून नकार आलेला. तिसराही आला तर ढाणकीच्या एका बिजवराला होकार कळवायचा, असं तात्याजींनी ठरवलं होतं. तिसरे आम्ही. राळेगावहून मी, आई आणि मामा. वडील नसल्यामुळे आमच्याकडे मामांचा शब्द शेवटचा.

मला खुर्ची दिली. गुरुजींनी आपणहून सांगितलं, मी शेजारचा, बौद्ध, शाळेत शिकवतो. मग इंग्रजीतली हवा झाली. कुसुम चहा घेऊन आली. मामांनी अर्धा कप प्याला आणि ते मोराकडे बघत राहिले. मागच्याच वर्षी दुसऱ्या एका भाच्यासाठी ते याच गल्लीत कंपाउंडरची मुलगी बघून गेले होते.

"हा मोर मी पाहिला आहे," ते म्हणाले. "कपबश्या कुणाच्या?"

तात्याजी अडकले. खोटं बोलावं तर मोर समोर. खरं बोलावं तर मामा जुन्या वळणाचे, उठूनच जाणार. खिडकीबाहेर सोनीबाई आणि गल्लीतल्या बायका कान लावून उभ्या होत्या.

"गुरुजीच्या," तात्याजी म्हणाले.

"आणि तुम्ही घेता यात?"

कुसुमच्या हातातल्या ट्रेमध्ये एक कप उरला होता. माझा मी केव्हाच संपवला होता. तात्याजींची अवस्था गुरुजींना बघवली नसावी. तेच हळूच म्हणाले, "त्यांचा आत्ताच झाला."

तात्याजींनी गुरुजींकडे पाहिलं. मग कुसुमकडे.

"नाही," ते म्हणाले. "माहा राह्यला हाय. आन वं पोरी इकडं."

चहा बशीत ओतून त्यांनी असा भुरका मारला की खिडकीबाहेर एकदम पळापळ झाली. मामांनी काही बोलायला तोंड उघडलं, तोच सोनीबाई वाटीभर साखर घेऊन आत शिरली. पहिली चिमूट तात्याजींच्या तोंडात, दुसरी गुरुजींच्या, तिसरी मामांच्या उघड्या तोंडात. आईला वाटलं, मामांनी होकार दिला. मामांना वाटलं, आईने दिला. आईने पिशवीतून नारळ काढला आणि कुसुमच्या ओटीत घातला.

मामांनी साखर गिळली. "ही साखर कशाची, बाई?"

"गोड हाय का नाही, थे सांगा जी," सोनीबाई म्हणाली.

कुसुमने रिकामा ट्रे तोंडासमोर धरला होता. ट्रे हलत होता.