मूळ परवाना देवघरात

आमच्या घरात मोटार चालवण्याची विद्या माझ्या वाट्याला आली नाही, ती पत्नीच्या वाट्याला आली. मी संस्कृतचा शिक्षक. निवृत्तीनंतर जळगाव जामोदच्या आसपासच्या गावांतून मला प्रवचनांची निमंत्रणे येऊ लागली आणि बस चुकल्यामुळे श्रोते ताटकळू लागले. तेव्हा पत्नीने साठीच्या उंबरठ्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले आणि पहिल्याच परीक्षेत परवाना मिळवला. त्यापूर्वी संग्रामपूरला पोहोचेपर्यंत माझे नित्याचे स्तोत्र दोनदा म्हणून होत असे. तिच्या हाती गाडी आल्यापासून ते एकदाच होते, आणि पूर्वीपेक्षा अधिक कळकळीने होते.

आमची कन्या जपानात, टोकियोला असते. तिच्याकडे महिनाभर राहायला जाण्याचे ठरले तेव्हा तिने फोनवर एक दृश्य दाखवले. जमिनीला जवळजवळ चिकटलेल्या, टप नसलेल्या, एकाच माणसाच्या चिमुकल्या मोटारी भर रस्त्यातून रांगेने चालल्या होत्या. त्यांना गो-कार्ट म्हणतात आणि त्या प्रवासी स्वतः चालवतात, असे कळले.

पत्नीने विचारले, "हे कोणालेही चालवता येते काय वं?"

"नाही आई, लायसन लागते. कारचं. नुसतं स्कूटीचं चालत नाही."

"मंग आहे ना माह्याजवळ," पत्नी म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या दृष्टीने जपान म्हणजे ती गाडी, आणि उरलेला देश तिच्या आजूबाजूला.

कन्येने नियम लिहून पाठवले. पासपोर्ट, इथला परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका. तिन्ही मूळ स्वरूपात हवीत, नक्कल चालणार नाही. आम्ही बुलढाण्याला परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण लिपिकाने अर्ज पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"बाबाजी, परवाना तुमच्यासाठी?"

"नाही, हिच्यासाठी."

"आजी चालवणार? अन् तुमी काय करणार?"

"मी कडेला उभा राहून नामस्मरण करणार."

"चांगलं आहे. कोणतरी करालेच पायजे," असे म्हणून त्याने अर्ज ठेवून घेतला.

पुस्तिका हाती आली, आणि इथून पुढे जे घडले त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. आमच्या घरात महत्त्वाचा कागद आला की तो आधी देवापुढे ठेवायचा, त्याला गंधाक्षता वाहायच्या आणि मग देवाच्या चौरंगाखालच्या खणात ठेवायचा, असा वडिलांपासूनचा शिरस्ता आहे. बाहेर जाते ती झेरॉक्स. शेताचा सातबारा, माझी पदवी, मुलांचे जन्मदाखले, सारे त्या खणात सुखरूप आहेत. आयुष्यभर शाळेतही मी हेच पाहिले, की मूळ प्रत दाखवण्यापुरती, ठेवून घेण्याची ती नक्कल. कन्येने नियम लिहिले होते हे खरे, परंतु साक्षांकित प्रतीला कोणी नक्कल म्हणेल हे माझ्या मनातही आले नाही. एका मुख्याध्यापक मित्राकडून मी झेरॉक्सवर सही आणि गोल शिक्का घेतला, तिला लॅमिनेशन केले, आणि निघण्याच्या सकाळी पत्नीने भरून ठेवलेल्या फाइलमधली पुस्तिका काढून देवाजवळ ठेवली. तिच्या जागी ही प्रत सरकवली. सांगायचे राहून गेले.

टोकियोत ठरलेल्या दिवशी पत्नी कन्येचा पायजमा घालून सिद्ध झाली. गो-कार्टच्या कार्यालयातल्या तरुणाने लवून नमस्कार केला. पासपोर्ट पाहिला, भारतातला परवाना पाहिला, आणि मग ती चकचकीत प्रत उलटीसुलटी करून त्याने गोल शिक्क्यावर आदराने बोट ठेवले. तो कन्येशी बोलला.

"बाबा, तो म्हणतो शिक्का सुंदर आहे. पण पुस्तिका कुठे आहे?"

पत्नीने फाइल उपडी केली. मग सावकाश माझ्याकडे वळली. "अहो?"

"देवाजवळ आहे," मी म्हणालो.

तरुणाने पुन्हा लवून नमस्कार केला. मूळ पुस्तिकेशिवाय गाडी देता येणार नव्हती. शिक्क्याचे महत्त्व मी कन्येकरवी त्याला दोनदा समजावले, तो दोन्ही वेळा लवला आणि दोन्ही वेळा नाहीच म्हणाला. काचेबाहेर लाल गाड्यांची रांग उभी होती, पत्नी ती बघत बसली. तिने रागावून घेतले असते तर मला बरे वाटले असते.

आमच्या परतीला अजून बारा दिवस होते. कन्येने लगेच घरी फोन लावला. तिथे सकाळचे साडेसात झाले होते. घर सांभाळणारा चिरंजीव पडद्यावर आला, हातात चहाचा कप.

"कुरिअरवाला आठ वाजता अकोल्याले निघते," तो म्हणाला. "आजची गाडी चुकली तं मंग आठ दिवसांनीच. वेळेवर पोचणार नाही. कुठं ठेवलं आहे, बाबा?"

"चौरंगाखालच्या खणात. आधी स्नान कर आणि मग हात लाव."

"आंघोळ? बाबा, नळ उद्या येणार आहे. टाकीत पाणी नाही. शेजारून बादली आणून आंघोळ करतो म्हटलं तं गाडी गेलीच समजा."

अस्नात हाताने आमच्या देवघराला कोणी स्पर्श केल्याचे माझ्या स्मरणात नाही. चिरंजीव कप हातात धरून थांबला. कन्या माझ्याकडे पाहत होती. पत्नी पाहत नव्हती, ती गाड्याच बघत होती.

"तसाच जा," मी म्हणालो.

"काय म्हणता?"

"तसाच जा आणि काढ. देवाला मी सांगतो."

चिरंजीवाने कप खाली ठेवला. "आई, बाबाची तब्येत बरी आहे ना वं?"

पत्नी फोनकडे वळली. "बरी आहे. तू पय आधी, गाडी सुटून जाईन."

पुस्तिका सातव्या दिवशी पोहोचली. मुखपृष्ठावर गंधाचा वाळलेला ठिपका होता. त्या तरुणाने तो बारकाईने पाहिला, पान उलटून छायाचित्र पत्नीशी ताडले आणि या वेळी लवून गाडीची किल्ली पुढे केली. दुपारी मी आणि कन्या एका चौकात उभे राहिलो. पुढे मार्गदर्शकाची गाडी, मागे चार परदेशी तरुण आणि त्यांच्या मागे शिरस्त्राण घातलेली पत्नी. मी हात उंचावला. तिने मान वळवली नाही. तिची नजर रस्त्यावर होती, आणि मला ते पसंत पडले.

तासाभराने ती उतरली. "लय सावकाश चालवतात," ती म्हणाली. "त्या समोरच्याले मी कवाच मागं टाकलं असतं. पण हे रांग मोडू देत नाहीत."

अस्नात स्पर्शाचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी मी निराहार राहिलो. सकाळी कन्येने आईपुढे पोहे ठेवले, तिने बशी बाजूला सारली.

"तुला काय झाले?" मी विचारले.

"अर्धा उपास माह्याकडे," ती म्हणाली. "गाडी तं मीच चालवली."

मी तिला शास्त्र सांगितले की प्रायश्चित्त वाटून घेता येत नाही. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. दुपारपर्यंत उपाशी राहिली आणि मग माझ्यासमोर बसून दोन बशा पोहे खाल्ले.