कोकराच्या पायाची चौकशी: कॅम्प पाच ते बेलवली

नाताळ होऊन दोन आठवडे झाले होते. आमच्या मंडळीचे पाळक म्हणाले, "प्रभूने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटलं, त्यावर पुढच्या रविवारी दहा मिनिटं तू बोल." मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात तयार पँट तपासतो. शाळा नववीत सुटली. चार माणसांत नाव सांगतानाही मी अडखळतो, तरी हो म्हणालो.

मंडळीतले वडीलजन मास्तरकाका लगेच म्हणाले, "तुझी साक्ष तर तयारच आहे. देवाने तुझ्या आयुष्यात काय केलं ते, पायाचं सांग." सहाव्या वर्षी माझा पाय टेम्पोखाली आला, तेव्हापासून मी लंगडतो. त्या वर्षी आईने प्रार्थनेला जाणं सोडलं होतं. काकांनी तिला इस्पितळातच समजावलं होतं, की भटकणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ स्वतः मोडतो आणि बरा होईपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो. मग ते कळप सोडत नाही. आपण भटकलो म्हणून देवाने पोराचा पाय मोडला, असं आई चौदा वर्षं धरून बसली आहे.

पवित्र शास्त्रात मला ही गोष्ट सापडली नाही. दोनदा पाहिलं. न तपासलेलं मंडळीसमोर कसं सांगायचं? पण भातकापणीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्याकडे उतरतात. त्यांनाच विचारावं असं ठरवलं. शुक्रवारी लाईट नसते म्हणून कारखाना बंद असतो. तोच दिवस धरला.

सकाळी सातला शेअर रिक्षाने अंबरनाथ, तिथून सहाआसनीने चिखलोली. लांब पल्ला नाही, पण पाण्याची बाटली घ्या, शेतात दुकान नाही. चिखलोलीला एका बाजूला नव्या बिल्डिंगची जाहिरात उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला भाताची धसकटं. एका शेतात काळ्या लेंड्यांचा सडा दिसला, मेंढ्या मात्र नव्हत्या.

बांधावरचे शेतकरी काका म्हणाले, "काल उठले. दोन रात्री मेंढरं बसवली होती शेतात खतासाठी, बदल्यात तांदूळ दिला. तुला मटण पाहिजे का?"

"नाही, एक प्रश्न विचारायचा आहे."

"मेंढीला?" त्यांनी हसतच बेलवलीच्या पुढची वाट दाखवली.

पुन्हा सहाआसनी धरली, बदलापूरला उतरून पश्चिमेला आलो. दोन वडापाव खाल्ले आणि बेलवलीची घरं संपेपर्यंत चालत गेलो. पाय दुखायला लागला तसा दर दहा मिनिटांनी बसलो. त्यात मला कुत्र्यांची भीती वाटते, आणि धनगरांची कुत्री मोठी असतात. लांबूनच हाक मारा, मालक आवरतात.

शेतात मेंढ्या कोंडायचं जाळं लावलेलं होतं, दोन घोडी बांधलेली, आणि तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होत्या. त्यांचे यजमान, पागोटं बांधलेले साठीचे मामा, माझा प्रश्न ऐकून माझ्याकडे वळले.

"कोकराचा पाय मोडायचा? मुद्दाम?"

"भटकू नये म्हणून. असं सांगतात."

"कोण सांगतं? त्याच्याकडं मेंढरं किती?"

"एकही नाही."

बाई म्हणाल्या, "तू काय काम करतो रं बाळा?"

"जीन्स पँटी तपासतो."

"मग चांगली पँट फाडून पुन्हा शिवता व्हय?"

मला खोटं बोलता येत नाही. "काही फाडतो. तशी फॅशन आहे."

मामा इतके हसले की कुत्री उठली. बाई म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी. आमचा वाडा, मेंढरं-बिऱ्हाडासकट, दोन दिसाआड उठून चालतो. मोडकं कोकरू कोण न्यायचं? मीच ना, घोडीवर."

मग त्यांनी टोपलीखालून एक कोकरू काढलं. मागच्या पायाला बांबूच्या कामट्या लावून चिंधी बांधलेली होती. नाला उतरताना पडलं होतं. रोज हळद लावतात, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मग पळणाऱ्या मेंढीला काय करता?"

"घंटी बांधतो," मामा म्हणाले. "कुठं गेली ते कळाया नको? कान देऊन बसायचं. पाय मोडून काय कळतंय?"

त्यांनी चहा दिला, शेळीच्या दुधाचा. पैसे घेतले नाहीत.

रविवारी मी सात मिनिटंच बोललो, कागदावरून. मेंढपाळ म्हणजे मोडणारा नव्हे, कान देऊन बसणारा, एवढंच सांगितलं, आणि ते कुठून कळलं तेही. बाहेर मास्तरकाका म्हणाले, "हे धनगराचं झालं. देवाचं वेगळं असतं." मी म्हणालो, "असेल, काका. पण नाव त्याने मेंढपाळाचंच घेतलं." असं उलट मी आयुष्यात प्रथमच बोललो.

तेवढं बळ मी त्या प्रवासातून आणलं. बाकी हिशोब आईकडे होता. दुपारी ती पोळ्या लाटत असताना तिलाही धनगरांचं सगळं सांगितलं.

"बाईनेच सांगितलं का, घोडीवरून नेते म्हणून?"

"हो."

दोन पोळ्या झाल्या. मग तिने चौदा वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी तू रस्त्यावर कशाला गेला होतास रे?"

"पतंग कटला होता. हिरवा."

"मिळाला?"

"नाही. बॅरेकच्या चाळीतल्या पोरांनी नेला."

"मेले कुठले," आई म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.