तिसऱ्या मजल्यावरची सासू

त्या सहा मजली कचेरीत सगळ्यांत जास्त प्रवास कोणाचा झाला असेल, तर तो लिफ्टमनचा. एकोणीस वर्षं माणूस रोज निघाला आणि पोहोचला कुठं? जिथून निघाला तिथंच. म्हणून कचेरीनं त्याचं नाव ठेवलं होतं वरखाली. पगारपत्रकावर दुसरं काहीतरी होतं म्हणतात, पण ते आठवायला त्याला स्वतःलाच डोळे मिटावे लागत.

शिक्षण सातवी. पुढे शाळाच नव्हती, तेव्हा दोष त्याचा नाही, शाळेचा. पण ‘का?’ हा प्रश्न लहानपणी त्याला गोचिडीसारखा चिकटला तो चिकटलाच. नोकरीच्या पहिल्या दिवशी नवा माणूस विचारतो, जेवायची सुट्टी कधी? यानं विचारलं, ‘सहा माणसं भरलेला हा लोखंडी डबा वर ओढायचा, तर हत्तीएवढं यंत्र लागेल. मग गच्चीवरची मोटर एवढीशी कशी?’

उत्तर दिलं मिस्त्रीनं. मिस्त्री म्हणजे महिन्यातून एकदा तेल-ग्रीस द्यायला येणारा बोलघेवडा म्हातारा. त्यानं याला मागच्या जाळीशी उभं केलं आणि लिफ्ट सोडली. तिसऱ्या मजल्यावर जाळीपलीकडून एक लोखंडी ठोकळ्यांची उतरंड वरून खाली सरकत गेली.

“ती बघितलीस? दोराच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला ती. आपण वर निघालो की ती खाली, ती वर चढली की आपण खाली. हा तिसरा सोडला, तर दोघी एका मजल्यावर कधी थांबत नाहीत. मोटर बिचारी फक्त मधल्या नवऱ्यासारखी, थोडं इकडे ओढ, थोडं तिकडे.”

“मग तिला म्हणायचं काय?”

“सासू,” मिस्त्री म्हणाला. “आणखी काय?”

झालं. तेव्हापासून ती सासू.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत चाळीस सेकंद. तेवढ्यात एक शंका आरामात बसते, दोन कोंबता येतात. टायपिस्ट बाईंनी एकदा विचारलं, “काका, लिफ्ट निघाली की पोटात गोळा का येतो हो?”

“पाय आज्ञाधारक, पोट आळशी. जमीन म्हणाली चल, की पाय लगेच निघतात. पोट म्हणतं, थांब, मला सांगितलं कोणी?”

एवढ्यावर भागतं तर तो वरखाली कसला? त्यानं टपालाच्या खोलीतून पार्सलं तोलायचा काटा आणला, लिफ्टमध्ये ठेवला आणि त्यावर टपालवाल्या ढेरपोट्याला चढवलं. वर निघताना काटा पाच किलोनं पुढे, सहावा येता येता पाच किलोनं मागे. आणि खाली निघाल्या निघाल्या तर असा घसरला, की ढेरपोट्या ओरडला, “थांबव, थांबव! इथंच लिहून घे माझं वजन!”

“थांबवलं की वाढतं,” वरखाली म्हणाला. “पडत राहिलास तरच बारीक.”

त्या दिवशी निम्मी कचेरी काट्यावर चढून आली. टपाल दुसऱ्या दिवशी गेलं.

तर अशा या राज्यात एका सोमवारी एक आजीबाई शिरल्या. काठीसारख्या सरळ आणि काठीसारख्याच कडक. मोठे साहेब चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आल्या होत्या. साहेबांच्या या सासूबाई. ‘सासूबाई’ हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

“कितवा मजला, आई?”

“पाचवा.”

वरखालीनं जाळी ओढली आणि रोजच्या खुशीत सुरुवात केली. “बघा हं, सासू खाली उतरल्याशिवाय आपण काही वर जायचो नाही.”

आजीबाईंची मान वळली. “काय म्हणालात?”

“सासू हो. ती तिकडे वरती बसलीय ठाण मांडून. ती खाली यायला पाहिजे. कितीही ताणा, ती खाली आल्याशिवाय गाडं हलत नाही.”

इथं एक घरगुती भानगड सांगायला हवी. या आजीबाई तीन महिन्यांपासून लेक-जावयाकडे राहत होत्या, वरच्या मजल्यावरच्या हवेशीर खोलीत. ती खोली जावईबापूंना स्वतःला हवी होती. म्हणून रोज जेवताना ते म्हणत, ‘आई, तुमचे गुडघे, तुम्ही आता खाली यावं.’ आणि आजीबाई रोज म्हणत, ‘नाही.’

तिसरा मजला आला. वरखालीनं मागं बोट दाखवलं. “ही बघा, गेली! ना दात, ना जीभ, नुसतं वजन. पण काढून टाकायची सोय नाही.”

आजीबाईंनी मागं बघितलंच नाही. त्या वरखालीच्या मानेकडे असं बघत होत्या, की दुसऱ्या कोणाची मान असती तर भाजली असती.

पाचव्या मजल्यावर साहेबांना चष्मा मिळाला, तो असा टेबलावर आपटून. “घरातल्या गोष्टी लिफ्टवाल्यापर्यंत पोहोचवता होय? मला दात नाहीत, हेही सांगितलंत?”

साहेबांनी शपथा घेतल्या. सासूनं जावयाच्या शपथा कधी मानल्यात? मग साहेबांनी, साहेब करतात ते केलं. आपली मान सोडवायला दुसऱ्याची धरली.

संध्याकाळी वरखालीच्या हातात कागद पडला. तो त्यानं घरी बायकोला वाचून दाखवला. ती खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. “‘आपण कार्यालयीन उद्वाहकात एका प्रतिष्ठित महिलेस उद्देशून नातेवाचक व वजनवाचक उद्गार काढल्याचे निदर्शनास आले आहे.’”

“उद्वाहक कोण?”

“मीच असेन बहुतेक.”

“पुढे वाचा.”

पुढे होतं ते वाईट होतं. गुरुवारी चौकशी. खुलासा पटला नाही, तर तळघरात जुन्या दप्तराच्या राखणीला बदली. पगार तोच. पण तळघरात ना माणूस, ना मजला, ना शंका.

“मी बोलू कोणाशी तिथं?”

“वाळवीशी बोला. तिला विज्ञान शिकवा, कागद खायचं सोडेल.” बायको हसली. तो हसला नाही. यंत्र खडखडत राहिलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात या माणसानं तिला विचारलं होतं, ‘हातसुईचं नाक मागच्या टोकाला, मग यंत्राच्या सुईचं पुढच्या टोकाला का गं?’ आणि उत्तरासाठी अख्खं यंत्र खोललं होतं. तेव्हापासून एक संध्याकाळ ‘का’शिवाय गेली नव्हती. आज भिंतीकडे बघत बसला होता.

तिनं पायडल थांबवलं. “अहो, काहीतरी विचारा ना.”

“काय विचारू?”

तेव्हा मात्र ती घाबरली. म्हणाली, “हे बघा, गुरुवारी माफी मागू नका. चूक काय केलीत? तुमची ती सासू आहे ना खरी? मग दाखवा की त्यांना. मुलगी बघायला जातात, तशी सासू बघू देत.”

गुरुवार हा नेमका मिस्त्रीचा ग्रीसचा दिवस होता.

पाचव्या मजल्यावर साहेब बसले, बाजूला हेडक्लार्क लेखणी सरसावून, आणि समोर आजीबाई, माफी ऐकायला.

“बोला,” साहेब म्हणाले.

“साहेब, मी म्हणालो ती सासू लोखंडाची आहे.”

हेडक्लार्कनं लिहिता लिहिता मान वर केली. “हे लिहू? हा तर आणखी एक उद्गार झाला.”

“दात नाहीत, कारण ठोकळ्यांना दात नसतात. वजन आहे, कारण तेच तिचं काम. आई, तुम्ही त्या दिवशी मागं बघितलं नाहीत. आज बघा. वर यंत्राच्या खोलीत मिस्त्री आहे. फक्त सहाव्यानंतर वीस पायऱ्या चढाव्या लागतील.”

“आईंचे गुडघे...” साहेब म्हणाले.

‘गुडघे’ हा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत आजीबाई उभ्या राहिल्या होत्या. सहाव्यापर्यंतसुद्धा त्या जिन्यानंच गेल्या. साहेब मागून धापा टाकत आले, आणि त्यांच्यामागून चौकशीचा कागद.

यंत्राच्या खोलीत मोठं चाक, त्यावरून गेलेले जाड दोर आणि ग्रीसनं माखलेला मिस्त्री. आजीबाईंनी कठड्याआडून खाली वाकून बघितलं. एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला ठोकळे. मग म्हणाल्या, “अहो, हे तर विहिरीवरचे दोन पोहरे! एक वर, एक खाली. माझं बालपण गेलंय त्यात. याला सासू काय म्हणता?”

वरखालीचा चेहरा असा उजळला, की खोलीतला दिवा मालवला असता तरी चाललं असतं.

“थांबा,” आजीबाई म्हणाल्या. “मला सांगा, डबा रिकामा आहे, आणि धरून ठेवणारं काहीच नाही. सोडला, तर काय होईल?”

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता, आणि कोणी विचारलाच नव्हता. उत्तरासाठी तो एक पाऊल पुढे सरकला.

“होईल काय?” साहेब म्हणाले. “धाडकन खाली पडेल. सोडलेली वस्तू खालीच जाते. एवढं तर सातवीतल्या पोरालाही कळतं.”

“साहेब, मी सातवीच आहे,” वरखाली म्हणाला. “वर जाईल.”

“काहीतरीच!”

मिस्त्रीनं काही वाद घातला नाही. डबा दुसऱ्या मजल्यावर रिकामा उभा होता, सगळी दारं बंद. त्यानं वीज तोडली, सगळ्यांना चाकापासून लांब उभं केलं आणि ब्रेकची दांडी हळूच दाबली. चाक कण्हलं, आणि मोटर बंद असताना रिकामा डबा अलगद वर निघाला. मिस्त्रीनं दांडी सोडली. डबा थांबला. पुन्हा दाबली. पुन्हा वर.

“रिकाम्या डब्यापेक्षा सासू जड,” वरखाली म्हणाला. “डबा अधिक तीन माणसं, एवढं तिचं वजन. आत तीन जण असले तर दोघी बरोबरीत, आणि सहा असले तर डबा जड.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डबा वरच होता.

आजीबाई मात्र विचारात पडल्या होत्या. “पण नाव चुकलंय तुमचं. दिवसभर नुसतं लटकायचं, आणि मोटर दुसऱ्याची. ही सासू कसली? हा जावई.”

हेडक्लार्कची लेखणी कागदावर अडखळली. वरखालीनं मात्र प्रामाणिकपणे मान हलवली. विज्ञानाच्या बाबतीत तो कोणाची भीड ठेवत नसे.

“नाही आई, जावई नाही म्हणता येणार. हिचा उपयोग होतो.”

आजीबाई इतक्या हसल्या, की मिस्त्रीनं ब्रेकवरचा हात काढून घेतला, उगीच दांडी दबायची. हसून झाल्यावर जावयाला म्हणाल्या, “तळघरात पाठवायचं असलं कोणाला, तर तो चौकशीचा कागद पाठवा. आणि हे गुडघे आज सहाव्यानंतरच्या सव्विसाव्या पायरीलाही कुरकुरले नाहीत, तेव्हा वरची खोली माझीच.”

पायऱ्या वीस होत्या. पण त्यांना कोण दुरुस्त करणार?

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. साहेब पडले साहेब, काहीतरी लिहिणं भाग होतं. ‘उद्वाहकात संभाषणास हरकत नाही. मात्र यापुढे उद्वाहकाच्या कोणत्याही भागास नातेवाचक शब्दाने संबोधू नये.’ वरखालीनं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि घरी जाऊन बायकोला विचारलं, “कागद सातापेक्षा जास्त वेळा दुमडत का नाही गं?” ती नुसती जोरात यंत्र चालवत राहिली.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये टायपिस्ट बाई, ढेरपोट्या टपालवाला आणि कोपऱ्यात स्वतः मोठे साहेब. वरखालीनं जाळी ओढली.

“जरा दम धरा हं. साहेब खाली उतरल्याशिवाय आपण काही वर जायचो नाही.”

साहेबांनी तोंड उघडलं, मनातल्या मनात आपलाच निकाल वाचला आणि तोंड मिटलं. ‘साहेब’ हे काही नातं नव्हे.

तिसऱ्या मजल्यावर जाळीमागून ठोकळे सरसर खाली गेले.

“वजन किती हो काका, साहेबांचं?” टायपिस्ट बाईंनी विचारलं.

“डबा, आणि वर तीन माणसं.”

कोपऱ्यातल्या साहेबांनी हळूच पोट आत घेतलं.