एकोणिसाव्या पाऱ्यातली टक

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. अब्बांनी मला पाचोडहून शहरातल्या मदरशात आणून सोडलं, कुराण पाठ करायला. अब्बा शिंपी. नातेवाईक म्हणायचे, "पोराला गावच्या मराठी शाळंत घाला, आता उर्दूला कोण इचारतंय?" अब्बांनी ऐकलं नाय. पण मी तीन वर्षांचं काम पाचव्या वर्षात ओढत नेलं, तेव्हा त्यांचाही धीर सुटला. म्हणाले, "यंदा झालं तर झालं. नाय तर मुकाट्यानं मशिनीवर बसायचं." शिवणाचा मला लई कंटाळा. सुईत दोरा ओवता येत नव्हता, आजही येत नाय.

शेवटची परीक्षा मोठी बिकट. पहाटेची नमाज झाली की उस्तादांसमोर बसायचं आणि तीसच्या तीस पारे, म्हणजे अख्खं कुराण, एका दिवसात तोंडपाठ म्हणायचं. उठायचं ते नमाजला आणि दोन घास खायला. उस्ताद डोळे मिटून ऐकत. कुराण ठेवायची लाकडी रेहल त्यांच्यासमोर असायची, पण रिकामी; त्यांना बघायची गरजच नव्हती. चुकलं की ते रेहलीवर बोटानं टक करत. आपण मागं जाऊन दुरुस्त करायचं. तिसरी टक झाली की उठायचं, पुढच्या साली परत. मला पुढचं साल नव्हतं.

दोन टका मी सातव्या पाऱ्यापर्यंतच खाल्ल्या. शाब्बास रे गड्या! तिथून पुढं जीव मुठीत धरून म्हणत होतो.

एकोणिसाव्या पाऱ्यात पाच पैगंबरांचे किस्से एकामागं एक येतात, जवळजवळ त्याच शब्दांत. पहिल्या चौघांच्या वेळी 'त्यांचा भाऊ' असं येतं. पाचव्याच्या वेळी 'भाऊ' येत नाही. भलेभले तिथं सवयीनं भाऊ घालून बसतात. मी मात्र ती जागा घोटून घोटून पक्की केली होती. भावाला वगळून पुढं निघालो आणि रेहलीवर टक झाली.

ती तिसरी टक. उठायचं सोडून मी मागं जाऊन तसंच म्हटलं. परत टक. उस्ताद डोळे न उघडता म्हणाले, "बस कर. ऊठ."

मी उठलो नाय. मी मुळातच हेकट. शिवाय तिथं गप्प बसलो असतो तर अल्लाच्या कलामात एक शब्द जादा पडला असता. म्हणालो, "उस्ताद, गुस्ताखी माफ. माझं चुकलं नाय. इथं भाऊ नाय."

बाजूची पोरं माझ्याकडं बघायचीसुद्धा थांबली. उस्तादांना उलट बोललेलं त्या मदरशात कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून कुराण आणायला लावलं. चष्मा लावला, पान काढलं, ओळीवर बोट फिरवलं. एकदा. मग परत. तौबा, किती वेळ लावला त्यांनी!

"बरोबर आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. पुढं चल."

माझा जीव भांड्यात पडला. उरलेले पारे मी कसे म्हटले, मला नाय ठाऊक. पाणी उतारानं जावं तसे गेले. शेवटची सूरा संपली तेव्हा मगरिबच्या, सांजेच्या नमाजला थोडाच वेळ होता. मी ढसाढसा रडलो, लाज सोडून.

पोरं वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला गेल्यावर उस्तादांनी मला जवळ बसवलं.

"यंदा रमजानमध्ये महिनाभर रातच्या नमाजात मी अख्खं कुराण पढवीन तेव्हा बरोबर माझ्या मागं उभं राहायचं. चुकलो की आजच्यासारखं सांगायचं."

मी मान खाली घातली. "मी? तुम्हाला?"

"व्हय, तूच. दोन रमजान झाले, माझं कुठंतरी चुकतंय असं वाटतं. मागून कुणी बोलत नाय, म्हणून मला झोप लागत नाय. आज लागंल."