वीस पसंतींचा कागद

“आधी शेवटचं सांग,” असे म्हणून बाई समोरच्या मुलीच्या कोऱ्या कागदावर आपला तळहात पालथा ठेवीत. तो हात उचलला जाईपर्यंत मुलीला एक अक्षरही लिहिण्याची मुभा नसे.

शेवटचे म्हणजे, सगळीकडून नकार आल्यावर जे एकच कॉलेज उरेल, ते. ते कागदाच्या तळाच्या ओळीवर लिहायचे आणि मग एकेक ओळ वर चढत यायचे. मनातले कॉलेज, ज्याचे नाव घेताना मुलींचा आवाज बारीक होतो, ते सर्वांत वर आणि सर्वांत शेवटी. “तळ ठाऊक असला की माणूस बुडत न्हाय,” असे त्या म्हणत. त्यांचे हे वाक्य तेव्हाही मला धीराचे वाटत नसे. विहिरीत वाकून पाहावे आणि आतून गार हवा तोंडावर यावी, तसे ते वाटे.

मी शाहूपुरीत कचेऱ्यांच्या रांगेसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या हातचा अर्ज साहेबलोक दोनदा वाचत नाहीत, एकदाच वाचून सही करतात, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. बाई मंगळवार पेठेतल्या. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. बारावीचा निकाल लागला की दाखले, प्रतिज्ञापत्रे यांच्यासाठी त्या मुलींचा घोळका घेऊन माझ्याकडे येत आणि माझ्याच बाकावर बसून त्यांना प्रवेशाचे मार्गदर्शनही करीत. त्याचे त्या काही घेत नसत.

“काय बिनकोटाचे वकील, जागा हाय का?” हे त्यांचे नमस्काराचे शब्द.

आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांच्यापुढे पालकच विद्यार्थी होऊन बसतात. एकदा एका गृहस्थाने चहाचा घोट घेत, “घाला कुठंबी, इंजनेर झाली म्हंजे झालं,” असे सांगितले. बाईंनी चष्मा खाली घेतला. “पावणं, म्हैस घ्यायची तर धा गोठं हिंडताय, दूध काढून बघताय. आणि पोरीचं कॉलेज एका कपात?” त्या गृहस्थाने उरलेला चहा प्यायला नाही.

आता जिच्यासाठी हे सांगतो आहे, त्या मुलीविषयी. ती मुरगूडची. वडिलांची थोडी शेती, चार म्हशी. मुलीला संगणकाचे इंजिनियर व्हायचे होते आणि गुणही तसे होते. वडिलांच्या अटी दोनच, पण लोखंडी होत्या.

“मुलींचं होस्टेल असंल तिथंच पाठवणार. आन् यंदा न्हाय तर न्हायच, बाई. पुढच्या वर्साला सोयरीक बघणार. भावकीत शब्द दिलाय.”

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. बाईंनी तिच्या कागदावरचा हात नेहमीपेक्षा उशिरा उचलला.

वीस कॉलेजे ठरली. तळाशी डोंगरापलीकडचे एक कॉलेज आले, जेथे मुलींचे वसतिगृहच नव्हते. वडील कुरकुरले. बाई म्हणाल्या, “ते मिळणार न्हाय हो. पण तळ लागतोय.” खाडाखोड आणि बाण यांनी कागद इतका भरला होता, की मला तो पाहवेना. मी म्हणालो, “बाई, तुम्ही सांगा, मी स्वच्छ प्रत करतो.”

बाई आपल्या सवयीप्रमाणे तळापासून सांगू लागल्या. मी माझ्या सवयीप्रमाणे वरपासून लिहू लागलो. एक ते वीस आकडे घातले, समास आखला. तळाचे कॉलेज पहिल्या ओळीवर बसले आणि मनातले कॉलेज विसाव्या. माझ्या ते ध्यानातही आले नाही; मी अक्षराकडे पाहत होतो.

बाईंनी तपासण्यासाठी हात पुढे केला. मी म्हणालो, “बाई, माझ्या हातचा कागद आजवर परत आलेला नाही.” त्या हसल्या. “बरं बाबा, तुमचा हात सोन्याचा,” म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

दोन आठवड्यांनी वडील मुलीला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. बाई माझ्या बाकावरच होत्या. मोबाइलवर संदेश आला होता, पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाल्याचा. त्यांनी पहिला पेढा बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, कॉलेजचे नाव वाचले आणि पेढा तसाच पुड्यात परत ठेवला.

“फॉर्म कसा भरलीस ग?”

“त्या कागदावर होता तसाच भरलो की, बाई.” आमच्याकडे मुलीही ‘भरलो, गेलो’च म्हणतात. “ते वर कसं, असं मनात आलं हुतं. पण तुमी उलटंच सांगताय की नेहमी. म्हटलं, बाईंचा कायतरी हिशेब असंल.”

पहिली पसंती मिळाली, की ती आपोआप कायम होते. पुढच्या फेरीत मग नाव राहत नाही. एवढे बाईंनी सांगितले, अगदी हळू. मुलीने पिशवीतून माझी ती स्वच्छ प्रत काढली. तिच्यावर एक डागही नव्हता. बाईंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. वडील दोघांच्या तोंडाकडे पाहत होते.

“चूक माझी,” बाई म्हणाल्या. “मी उलटं सांगितलं.”

प्रवेशाच्या कचेरीकडे विनंती अर्ज करायचा ठरला. तो त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. कारणाच्या रकान्याशी माझी लेखणी थांबली. मुलगी आणि वडील चार पावलांवर उभे होते. बाई पुटपुटल्या, “लिहा. मार्गदर्शक शिक्षिकेच्या हातून चूक झाली. तुमच्याकडं उद्या पोरी येणार हाईत. आपलं काय, आपण निवृत्त.”

मी लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले, याची मला आजही भीती वाटते. उत्तर दोन ओळींचे आले. बदल शक्य नव्हता.

पुढे काय होते, हे आपण जाणता. बाईंनी एका पोरीचे वाटोळे केले, ही गोष्ट बाजाराच्या दिवशी मुरगुडात गेली आणि तेथून पेठेत परत आली, प्रत्येक तोंडी थोडी वाढून. निकालानंतर मुलींसाठी बाईंना बोलावणाऱ्या शाळांपैकी आधी एकीने बोलावणे थांबवले, मग दुसरीने. पुढच्या जूनमध्ये बाई दोनच मुली घेऊन आल्या. त्यांच्या आया लांब उभ्या राहून पाहत होत्या. मी रोज सकाळी ठरवीत असे, की आज सांगायचे, चूक माझी होती. तोपर्यंत पहिला पक्षकार येई.

गणपती उठल्यावर मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावरील फळ्यावर मी बाईंचे नाव वाचले. खाली रक्षाविसर्जनाची वेळ होती. खडूने कुणीतरी घाईत लिहिले होते. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात ते वडील आले. सोबत मुलगी, नवे मंगळसूत्र, आणि जावई. विवाहनोंदणीचा अर्ज हवा होता. “त्या बाईनं घात केला, न्हायतर पोरगी आज कुठं असती,” वडील बाकावर टेकत म्हणाले. मी तोंड उघडले. मुलगी माझ्याकडेच पाहत होती. मी तारीख विचारली.

अर्ज पूर्ण करून मी तो सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. तिने पेन घेतले नाही. पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि वाचू लागली. एक ओळ, मग तिच्या खालची. नवरा म्हणाला, “चल की, गाडी चुकंल.” वडील म्हणाले, “अगं, ह्येंच्या हातचं हाय, कर सही.” तिचे बोट सावकाश खाली सरकत राहिले आणि मी टेबलावर हात ठेवून, ती कुठे थांबते याची वाट पाहत बसलो.