पळणारी बाई म्हणजे गाडी हुकलेली बाई

मला पळायला डॉक्टरांनी सांगितलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आर्वीत याची बरीच वेगळी कारणं फिरत आहेत. जिना चढताना धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे. रक्ताचा रिपोर्ट पाहून वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की साखर उंबरठ्यावर येऊन बसली आहे. वजन उतरवा, चाला, जमलं तर पळा. उन्हाळ्यापर्यंत वाट पाहू, नाहीतर गोळ्या सुरू करू. माझ्या आत्याचा पाय साखरेपायी कापावा लागला होता आणि तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसलेली होते. मला वेगळी भीती घालायची गरज नव्हती.

घरी सांगितलं तर आई खूष झाली. पण तिचा आनंद भलत्याच गोष्टीचा होता. मागे मला पाहून गेलेल्या पाहुण्यांनी मुलगी जरा तब्येतीनं आहे असा निरोप धाडला होता आणि तेव्हापासून आईनं माझ्या पोळ्यांवर नजर ठेवली होती. लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी माझा दंड चिमटीत धरून पाहायची, बाजारात वांगं दाबून पाहावं तसा. माझी साखर कुणाला दिसत नव्हती. माझे दंड गावभर दिसत होते. आईला मी बारीक व्हायला हवी होते ती पाहुण्यांसाठी, आणि मला पाय हवे होते. पण निदान सकाळी घराबाहेर पडायची परवानगी मिळाली. सव्विसाव्या वर्षी परवानगी, हेही लिहून ठेवते.

सुरुवात मैदानावर केली. आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आमच्या मैदानाला हे अजून कुणी कळवलेलं नाही. रोज संध्याकाळी तिथे पव्वे रिकामे होतात आणि रिकामा पव्वा गोलपोस्टच्या खांबावर फोडायचा अशी पद्धत आहे. पहिल्याच आठवड्यात काच बुटाचा तळ फाडून टाचेत शिरली. टाच धरून मी पायरीवर बसले होते, तेव्हा रोज मैदानाच्या कडेकडेनं फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ थांबले आणि म्हणाले की मुलींनी कशाला यावं मैदानात. काच फोडणाऱ्यांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. टाचेला पट्टी बांधून मी घरी आले आणि जखम भरल्यावर रस्ता धरला.

तळेगावकडे जाणारा रस्ता. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या ठासून भरलेल्या असतात की दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागून राहतो. मी एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत पळायची, मग चालायची, मग पुन्हा पळायची. पळणं म्हणजे काय, थैली हलावी तसं अंग हलायचं. छातीत जाळ, तोंडात लोखंडाची चव. वर आईनं अट घातलेली ओढणी, ती सारखी तोंडावर यायची. मी ती कमरेला आवळून बांधली. ओढणीचा तेवढाच एक उपयोग मला सापडला.

आणि मग पहिली एसटी आली.

डेपोतून सकाळी निघणारी पहिली गाडी मागून आली आणि माझ्या पुढे जाऊन कचकन थांबली. दार उघडलं. वाहक म्हणाला, चढा लवकर. मी हातानं नको म्हणाले. दम इतका लागला होता की शब्द फुटत नव्हता. त्याला वाटलं, मी गाडीतल्या कुणाला तरी पोचवायला आले आहे की काय. त्यानं पुन्हा विचारलं, "मंग काऊन पळून राह्यल्या बाई?" खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मी म्हणाले, सहजच. चालक वैतागून म्हणाला की म्या तं ब्रेक मारला ना तुमच्यासाठी. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुसरा चालक होता, तोही थांबला. मोटरसायकलवाले थांबायचे आणि म्हणायचे, बसा ताई, गाडी गाठून देतो. एके दिवशी एका दूधवाल्यानं तर कमाल केली. मी पळते आहे आणि गाडी पुढे निघून गेली आहे, एवढं त्यानं लांबून पाहिलं. मला काही न विचारता त्यानं कॅन खडखडवत गाडीचा पाठलाग केला, तिच्या पुढे जाऊन आडवा झाला आणि गाडी थांबवली. मी धापा टाकत वळणावर पोचले तर अख्खी एसटी माझी वाट पाहत उभी. दूधवाला विजयी चेहऱ्यानं हात हलवत होता, "या बाई, सापडली!" मी त्या सगळ्यांच्या देखत गाडीला वळसा घालून पुढे पळत गेले.

त्या दूधवाल्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की आमच्या गावात बाई पळताना दिसली तर दोनच गोष्टी डोक्यात येतात. एकतर तिची गाडी हुकली, नाहीतर ती कुणापासून तरी पळते आहे. ती स्वतःच्या पायांसाठी पळत असेल, ही तिसरी गोष्ट कुणाला सुचत नाही. आणि पोरगा पळताना दिसला की लोक आपापसात विचारतात, भरतीची तयारी दिसते, कोणाचा आहे हो?

पहिली गाडी गावोगावी थांबत जाते. माझी गोष्टही थांबत गेली. चारपाच दिवसांत ती बाजार समितीत पोचली आणि तिथून मोठ्या बाबांच्या कानावर आली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, कापसाचे व्यापारी, शेजारच्याच घरात राहतात. ते संध्याकाळी आले, चहा घेतला आणि माझ्याकडे न पाहता वडिलांशी बोलले. कापसाच्या ढिगाशेजारी उभं असताना त्यांना एकानं विचारलं होतं की तुमच्या घरची पोरगी कोणासंगं भांडून पळाली काय. दुसऱ्यानं विचारलं होतं की डोक्याचं काही आहे काय. मोठ्या बाबांचं म्हणणं असं की पाहुणे गावात चौकशी केल्याशिवाय येत नाहीत, आणि चौकशीत हे निघालं तर काय सांगायचं. आई पदराशी चाळा करत उभी राहिली. मी वडिलांच्या तोंडाकडे पाहत होते.

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बसस्टँडजवळ त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण गाव त्यांना ओळखतं ते पत्रकांमुळे. दारूबंदी कागदावरच का, नळाला पाणी का नाही, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जाऊ नका. जे खटकलं त्यावर ते अर्ध्या पानाचं पत्रक लिहायचे आणि स्वतःच्या खर्चानं छापून वाटायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. रविवारी संध्याकाळी आमच्या घरी गठ्ठा सुटायचा आणि सगळे घड्या घालायला बसायचे. घडीवर स्टीलच्या वाटीचा काठ ओढला की ती धारदार होते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून येतं. एक पत्रक तर मला पाठ आहे. बाई एकटी मोकळेपणानं चालू शकत नाही ते गाव अजून मोकळं झालेलं नाही, असा त्याचा मजकूर होता. दहावीच्या सुट्टीत ते मी स्वतः डेपोत वाटलं होतं, वडिलांच्या शेजारी उभी राहून. शाईचा वास माझ्या बोटांना दिवसभर येत होता आणि मला वाटत होतं की माझा बाप गावातला सगळ्यात उंच माणूस आहे.

तो माणूस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "गच्चीवर पळजो ना, बेटा."

आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, डिशची छत्री आहे आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. तिथे घाण्याच्या बैलासारखं गोल फिरता येतं, पळता येत नाही. मी तसं म्हणाले. मग मी त्या पत्रकाचं नाव काढलं. मजकूर म्हणून दाखवला, पहिल्या ओळीपासून, मोठ्या बाबांसमोर. माझा आवाज चढला होता हे मला मान्य आहे. तो चढायलाच हवा होता. वडील भाषणात प्रमाण मराठी बोलतात आणि घरात वऱ्हाडी. त्या दिवशी ते अगदी हळू, घरच्या आवाजात बोलले.

"पत्रक वेगळं अन् घर वेगळं, बेटा."

मोठ्या बाबांनी मान डोलावली. आईनं कप उचलले. मी आयुष्यात घातलेली प्रत्येक घडी मला त्या क्षणी आठवली आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना.

सकाळी उठून मी आधी डेपोत गेले. पहिली गाडी उभी होती, चालक काच पुसत होता. हा तोच पहिल्या दिवशीचा वैतागलेला. मी त्याला सरळ सांगितलं की मी रोज या रस्त्यानं पळते, तब्येतीसाठी पळते, मला कुठेही जायचं नाही, तुम्ही थांबू नका. तो फडकं हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, बाई, पळणाऱ्या माणसाले टाकून गेलो तं उद्या माही तक्रार करता तुम्ही. मी म्हटलं, करणार नाही. तो म्हणाला, बरं, बाकीच्यायलेही सांगतो. एवढंच. साखर काय, लग्न काय, घरचे काय म्हणतात, काही विचारलं नाही. मला घरात जे भांडून मिळालं नाही ते डेपोत दोन वाक्यांत मिळालं, आणि त्याचा मला आनंद होण्याऐवजी संतापच आला.

रस्त्याला लागले तर मागून स्कूटरचा आवाज. वडील. कानाला मफलर गुंडाळून, माझ्या मागे पंधरावीस पावलांवर, माझ्याच वेगानं. मी थांबले, तेही थांबले. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, सोबत. मी मागे राहातो, तू पळ. जणू एखाद्या मंत्र्याच्या ताफ्यातली मी मोटार. सोबत या शब्दाचा मला एवढा राग कधी आला नव्हता. रस्त्यावर मला सोबत लागते हे त्यांनी स्वतःच्या स्कूटरनं गावाला छापून वाटायला घेतलं होतं. मी सांगितलं की स्कूटर मागे असेपर्यंत मी पळणार नाही. ते म्हणाले, मग घरी चल. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तेही उभे. इंजिन चालूच. धुरानं बाभळीला लागलेला कापूस हलत होता.

तेवढ्यात एसटी आली आणि थांबली. थांबणारच. कडेला उभी असलेली बाई म्हणजे प्रवासी. चालकानं खिडकीतून मान काढली. "आज पळून नाई राह्यल्या? बसता का मंग?"

गाडीतले लोक माझ्याकडे पाहत होते, मफलरमधल्या माझ्या बापाकडे पाहत होते. दुकानदार म्हणून त्यांना ओळखणारे त्यात असणारच. वडिलांनी मान खाली घातली आणि स्कूटरचा आरसा पुसू लागले. मी चालकाला म्हणाले, नाही, पळते आहे, आणि पळाले. आजवर इतकी पळाले नव्हते. गाडी मागून आली आणि बाजूनं निघून गेली. मागे स्कूटरचा आवाज येतो का ते ऐकत होते. येत नव्हता.

नाल्याच्या पुलाला हात लावून परत फिरले. वडील तिथेच उभे होते. स्कूटर बंद. शेजारी ओळखीचे एक शेतकरी मोटरसायकल थांबवून चौकशी करत होते. मी जवळ पोचत होते तेव्हा त्यांचा प्रश्न ऐकू आला, का झालं भाऊ, काऊन उभे? आणि माझ्या वडिलांचं उत्तरही ऐकू आलं.

"काही नाई, पेट्रोल सरलं."

टाचेत काच गेली तेव्हा मी ओरडले नव्हते. इथेही ओरडले नाही. त्या शेतकरीकाकांसमोर थांबले, दम घेतला आणि म्हणाले की पेट्रोल आहे काका, मी रोज इथे पळते आणि हे माझ्यासाठी थांबले आहेत. ते माझ्याकडे पाहून हसले, गोंधळून, आणि म्हणाले, हाव का? बरं आहे. एवढंच बरं आहे म्हणायला माझ्या बापाला जमलं नव्हतं. मी पुढे निघाले.

त्या रविवारी नवा गठ्ठा आला. मैदानावरच्या दारूबद्दल होतं पत्रक, माझ्या टाचेचा उल्लेख नाव न घेता केलेला. वडिलांनी वाटी पुढे सरकवली. मी हात लावला नाही. तुमच्या घरात चालत नाही ते मी दुसऱ्याच्या दारात टाकणार नाही, एवढं म्हणाले आणि खोलीत गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत वाटीचा आवाज येत राहिला, एकट्याच माणसाचा, अडखळत. वडिलांना घडी कधी नीट जमलेली नाही.

लोक विचारतात, किती वजन उतरलं. मी सांगत नाही. पाहुण्यांची चौकशी चालू आहे असं आई म्हणते. चालू दे.

सोमवारी सकाळी आई आत होती, वडील ओसरीत पेपर घेऊन बसले होते, पेपर उलगडलेला नव्हता. मी बुटाच्या नाड्या बांधल्या. ओढणी खुंटीवर ठेवली. स्कूटरची चावी त्यांच्या हातात नव्हती. तळेगावच्या रस्त्यावर पहिली गाडी मागून आली. मी पळत होते. ती थांबली नाही.